कबरीत बसून मिळवलेले तीन तास

खासदार निवास, खोली क्रमांक एक्केचाळीस
शनिवार, तीन ऑक्टोबर

कपेंब्वामामांना, दोन्ही गुडघे जमिनीला टेकून आणि हळू टाळ्या वाजवून, तुमच्या थोरल्या बहिणीची मधली मुलगी चिलेशे हिचा नमस्कार. (डावा गुडघा सध्या टेकत नाही, तो टेकला असं समजून घ्यावं. का टेकत नाही ते पुढे येईलच, आणि ते वाचून तुम्ही मला रागावणार आहात, तेव्हा नमस्कार आधीच नीट घेऊन ठेवा.)

मामा, तब्येत कशी आहे? मामींच्या कंबरेला तेल लावता ना? शेळ्या किती व्याल्या? तुम्ही पाठवलेली सुक्या अळ्यांची पिशवी पोचली. खरं म्हणजे अर्धीच माझ्या तोंडाला लागली, कारण शेजारच्या खोलीतले खासदार वासावरून दार ठोठावतात, खुर्चीत बसून देशाच्या अर्थकारणावर बोलतात आणि बोलता बोलता त्यांचा हात पिशवीत जातो. राजधानीत सगळ्या गोष्टी अशाच होतात, तोंड एकीकडे आणि हात दुसरीकडे.

आणि आपली कासुबा कशी आहे? तुमच्या नातीचं पहिलं बाळंतपण, दिवस भरतात नोव्हेंबरच्या शेवटी, म्हणजे ऐन पावसात. नदीला पाणी आलं की पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात जायची वाट बंद, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि आपल्या गावच्या दवाखान्यातली बाळंतिणीची खोली म्हणजे सात वर्षं नुसत्या चार भिंती, वर आकाश. मागच्या खेपेला आले तेव्हा आत भोपळ्याचा वेल चढला होता आणि खिडकीतून एक भोपळा रस्त्याकडे बघत बसला होता. छपराचे पत्रे दोन वर्षं जिल्ह्याच्या गोदामात पडून आहेत. त्यांना हलवायला मंत्र्यांची एक सही लागते. मी मंत्र्यांना भेटले, की ते म्हणतात, "बघतो." आता खाजगीत म्हटलेलं 'बघतो' हवेत जातं, पण सभागृहात म्हटलेलं 'बघतो' लिहून घेतलं जातं. मग आश्वासन समिती तो कागद घेऊन मंत्र्यांच्या मागे फिरते, आणि आपले मंत्री बायकोला भीत नसतील इतके त्या समितीला भितात. म्हणून मला पावसाच्या आत सभागृहाचे तीन तास हवे होते, त्या मंत्र्यांना समोर बसवून पत्र्यांची तारीख वदवून घ्यायला. एवढीच गोष्ट. बाकीचं पत्र म्हणजे ते तीन तास मिळवताना तुमच्या भाचीची जी शोभा झाली तिचं वर्णन आहे.

तुम्ही म्हणाल, छप्पर हवं तर छपरावर बोल, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मामा, एका गावाच्या छपराला सभागृहात वेळ मिळत नाही. लेखी प्रश्न विचारला तर लेखी उत्तर येतं, 'माहिती मागवण्यात येत आहे.' (माझ्याकडे अशी पाच उत्तरं आहेत. पाचही वेगवेगळ्या सह्यांची.) पण आपल्या देशाने न्यूयॉर्कला जाऊन साऱ्या जगासमोर शब्द दिलेला आहे. सतरा उद्दिष्टं आहेत. गरिबी, भूक, पाणी, शाळा, जंगल, आणि तिसऱ्या क्रमांकात असं येतं, की बाळंतपणात आई मरू नये. या सगळ्याला मिळून शाश्वत विकास म्हणतात. सही करायला जे गेले होते त्यातले निम्मे आता निवृत्त होऊन कोंबड्या पाळतात, आणि आपल्या सभागृहाने त्या शब्दावर आजवर एक तास चर्चा केलेली नाही. म्हणून मी प्रस्ताव दिला, की देशाने जगाला दिलेल्या वचनांवर सभागृहाने चर्चा करावी. जगाच्या पोटात आपलं गाव येतंच, आणि गावाच्या पोटात आपली ती खोली.

सभागृहाबाहेर मात्र या विषयावर बोलायला वेळच वेळ आहे. तलावाकाठच्या हॉटेलात कार्यशाळा होतात, तिथे सगळे खासदार झाडून हजर असतात. सतराच्या सतरा उद्दिष्टं लोकांना पाठ आहेत, एक जण तर चालीवर म्हणतो. माझ्याकडे त्या कार्यशाळांच्या चार टोप्या, दोन पिशव्या आणि सतरा रंगांची एक छत्री जमली आहे. ती छत्री उघडून मी रस्त्याकडेला उभी राहिले की मुलं आइस्क्रीम मागायला येतात.

प्रस्ताव चौदा महिने कामकाजपत्रिकेच्या तळाशी पडून होता. मी बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली, त्यातल्या कुठल्याही बाळाने यायला चौदा महिने लावले नाहीत. पहिल्यांदा माझी पाळी आली त्या दिवशी फुटबॉल संघाचं अभिनंदन निघालं. साठ जणांनी अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवशी संघ हरला. दुसऱ्यांदा सभागृहाची लिफ्ट बंद पडून त्यात एक सन्माननीय सदस्य अडकले होते, त्यावर चर्चा निघाली. प्रत्येक सदस्य कधी ना कधी त्या लिफ्टमध्ये अडकलेला, त्यामुळे इतक्या आपुलकीने बोलणं झालं की दिवेलागण झाली. तिसऱ्यांदा मात्र सभागृह उठायला दहा मिनिटं असताना माझं नाव पुकारलं गेलं. मी उभी राहिले, "अध्यक्षमहोदया," एवढं म्हणाले, आणि मागच्या बाकावरच्या एकाने हरकतीचा मुद्दा घेतला, की माझ्या डोक्याच्या फडक्यावर कोंबडीचं चित्र आहे, ते एखाद्या पक्षाचं निशाण आहे की काय, याचा खुलासा व्हावा. अध्यक्षबाईंनी फडकं नीट निरखून निर्णय राखून ठेवला. तीन आठवड्यांनी तो वाचून दाखवण्यात आला. कोंबडी कुठल्याही पक्षाची नाही असा निर्वाळा मिळाला, पण तोवर अधिवेशन संपलं होतं.

आता खरा माणूस सांगते. सभागृहात कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा हे कामकाज समिती ठरवते. पाच जणांची समिती, आणि तिचे प्रमुख म्हणजे सरकार पक्षाचे प्रतोद, हेझेकिया जेरे. नावावरून तुमच्या लक्षात आलंच असेल की गडी न्गोनी जमातीचा आहे, आणि आपण बेंबा. पणजोबांच्या काळात आपण एकमेकांची डोकी फोडली, आणि फोडून दमल्यावर ठरवलं की यापुढे जे काय भांडायचं ते तोंडाने, आणि कुणी रागवायचं नाही. तेव्हापासूनच्या या थट्टेच्या नात्याने तो मला मेव्हणीबाई म्हणतो आणि मी त्याला भावोजी. मी दर सोमवारी समितीसमोर जाऊन वेळ मागायची आणि त्याने मला हसत हसत वाटेला लावायचं, असं चौदा महिने चाललं होतं.

"मेव्हणीबाई, शाश्वत विकास तुम्हा बेंबांना कशाला? रानात खायला माकडं आहेत तोवर तुमचं झकास चाललंय की!"

"आणि भावोजी, तुमच्या शेतातले उंदीर संपले तर पाहुण्यांच्या ताटात काय वाढाल?"

मग समिती पोट धरून हसायची, चहा यायचा, बन यायचे, आणि 'विषय पुढील बैठकीत' असं लिहून मंडळी उठायची. मामा, कुणी सरळ नाही म्हणालं असतं तर मी टेबलावर चढले असते. पण थट्टेच्या नात्यात नाही म्हटलेलं अंगाला लागत नाही, आणि रागावलं तर आपलीच लाज जाते. दोन-तीनदा तर मीसुद्धा इतकी हसले की बाहेर आल्यावर आठवलं, अरे, आपण मागायला काय गेलो होतो!

गेल्या महिन्यात जेरेंच्या आजोबांचे धाकटे भाऊ वारले. शहाण्णव वर्षांचे. संध्याकाळी दोन भांडी बिअर घेतली, सुनेने केलेली भाजी अळणी आहे असं सांगितलं आणि झोपेत गेले. असं मरण सगळ्यांना यावं. (तुम्हाला इतक्यात नको. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.) सभागृहाने दुखवटा पाळला, पूर्वेकडच्या त्यांच्या गावी जायला खासदारांसाठी बस निघाली, आणि बातमी ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रीत जेरेंच्या बाजूने चौदा महिने राबत होती, तिला आता माझ्या बाजूने थोडं राबवायला काय हरकत होती? मी गवताची चटई, भाजलेले शेंगदाणे आणि ते कोंबडीचं फडकं घेतलं. आपल्या बाजूचे दोन खासदार बरोबर घेतले, एक सरकार पक्षाचा आणि एक विरोधी. माकडांच्या विषयात आमच्यात पक्षभेद नाही.

थट्टेच्या नात्यातल्याने मयतीला रडायचं नसतं, रडणाऱ्यांना हसवायचं असतं, आणि त्याने कबरीत बसून काही मागितलं तर ते दिल्याशिवाय सुटका नसते, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. तेव्हा आधी आम्ही सगळं रीतसर केलं. दोघांनी खड्डा खणायला हात लावला. मी म्हाताऱ्यासारखी काठी टेकत 'भाजी अळणी आहे' म्हणत अंगणात फिरले, तेव्हा त्यांची सून रडता रडता खुदकन हसली आणि मग जास्तच रडली. दुपारी पेटी निघाली. भजनं म्हणत लोक खड्ड्याशी पोचले, पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं, आणि तेवढ्यात मी गर्दीतून पुढे होऊन खड्ड्यात उतरले. उतरले असं मी म्हणते. बघणारे पडले असं म्हणतील. डाव्या गुडघ्याने त्यांच्या बाजूने साक्ष दिली आहे.

पण पडल्यावरही मी आधी चटई अंथरली, तिच्यावर बसले, फडकं सारखं केलं आणि खालून ओरडले, "ऐका हो न्गोनी मंडळी! हे घर आम्ही बेंबांनी घेतलं. गारवा चांगला आहे, शेजारीपाजारी शांत आहेत, आणि जेरेंच्या समितीत मिळत नाही ती बसायला जागा इथे मिळाली आहे. म्हाताऱ्याला आत यायचं असेल तर त्याच्या नातवाने मला सभागृहाचे तीन तास द्यावेत!"

वर सगळे खड्ड्यात वाकून बघायला लागले. मग बायकांच्या बाजूने एक लांबलचक आरोळी उठली, आनंदाची, आणि मला कळलं की आपलं बस्तान बसलं.

जेरे खड्ड्याच्या काठावर आले. काळा सूट, काळा चष्मा, आणि खालून बघितल्यामुळे नाकपुड्या नको तेवढ्या दिसत होत्या.

"मेव्हणीबाई, वर या. कोंबडी देतो."

"कोंबडी माझ्या डोक्यावर आहे, आणि ती कुठल्याही पक्षाची नाही. तीन तास."

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत तर न्गोनी माणसाचं स्वतःचं नाव सांगून होत नाही."

"बरं, एक तास. चहानंतरचा."

"चहानंतर सभागृहात फक्त बनचे तुकडे उरतात. तीन तास, चहाच्या आधीचे!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. पाद्रीबाबा घड्याळ बघत होते. पेटी धरलेले आठ जण ऊन सोसवेना म्हणून एकदा उजव्या पायावर, एकदा डाव्या पायावर भार देत होते. इतक्यात म्हाताऱ्याची बायको पुढे आली. नव्वदीची, काडीसारखी बाई, आणि तिने छत्रीच्या टोकाने जेरेंच्या पाठीत ढोसलं.

"दे की रे तिला, मेल्या! तीन तास तुझ्या खिशातले जातायत का? माझ्या माणसाला सरकारी कचेऱ्यांनी जन्मभर ताटकळत ठेवलं. आता मेल्यावर तरी ठेवू नका."

या वेळी मात्र कुणी हसलं नाही. जेरेंनी चष्मा काढला.

आणि मग मामा, जे घडलं ते मी सभागृहात शपथेवर सांगू शकते. समितीचे सचिव मुबिता, पश्चिमेच्या माळावरचे, ज्यांना मी कधी दात दाखवताना पाहिलेलं नाही, ते गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी बगलेतली कातडी पिशवी उघडली, तिच्यातून इतिवृत्ताची वही काढली आणि घसा साफ केला. "समितीच्या पाचपैकी तीन सन्माननीय सदस्य इथे उपस्थित आहेत. गणसंख्या पूर्ण आहे. नियमाप्रमाणे बैठक सोयीच्या कोणत्याही ठिकाणी घेता येते. निमंत्रित सदस्या खड्ड्यात आहेत, त्याला नियमांची मनाई नाही." मग तिथेच, कबरीच्या काठावर, कामकाज समितीची बैठक भरली. ठराव मांडला, अनुमोदन मिळालं, विरोधात कुणी नाही. पाद्रीबाबांच्या भजनाच्या पुस्तकावर वही टेकवून जेरेंनी सही केली. बुधवार, चौदा ऑक्टोबर, दुपारी अडीच ते साडेपाच, विषय पहिला, तोही चहाच्या आधी. देशाने जगाला दिलेल्या वचनांसाठी आपल्या सभागृहाने पहिल्यांदाच वेळ काढला, तो असा.

"आता या वर," जेरे म्हणाले.

मला येता येईना. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. पेटीचे दोर खाली सोडले गेले, पण वरून ओढणारे सगळे न्गोनी, आणि त्यांनाही रीत पाठ! "आधी म्हणा, उंदीर गोड लागतात," ते म्हणाले. मी म्हटलं नाही. पाद्रीबाबांनी खाली वाकून हात जोडले. मग मी म्हटलं. "मोठ्याने!" मी मोठ्याने म्हटलं. "तीन तासांचं तीनदा!" सुमारे चारशे माणसांसमोर तुमच्या भाचीने उंदीर गोड लागतात असं तीनदा जाहीर केलं, मामा, आणि मग ती वर आली. डावा बूट तेवढा खालीच राहिला. म्हाताऱ्याने मनाला लावून घेतलं नसावं.

परतीच्या बसमध्ये सगळे गात होते आणि मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. कशाला खोटं सांगू? त्या म्हातारीचं बोलणं मनातून जाईना. मी नर्स होते तेव्हा किती बायकांना म्हटलं असेल, थांब, गाडी येतेय, थोडं थांब. सगळ्याच थांबू शकल्या नाहीत. आणि आता कासुबा. मी तिला काय सांगू, छप्पर होईपर्यंत थांब म्हणून? ती थांबेलही, बाळ थांबणार नाही.

कामकाजपत्रिका छापून आली, तिच्यात माझा विषय पहिला. मी ती उशाखाली घेऊन झोपले. आणि मंगळवारी चहाच्या खोलीत जेरे माझ्यासमोर येऊन बसले. बनला लोणी लावत, अगदी मायेने बोलले.

"मेव्हणीबाई, कबरीवर दिलेला शब्द मी मागे घेत नाही. घेतला तर आजोबा बूट घेऊन माझ्या स्वप्नात येतील. पण मंत्री माझ्या मानगुटीवर बसलेत. त्यांना ही चर्चा नको आहे. आणि रीत दोन्ही बाजूंनी असते, नाही का? तुमच्याकडे कुणाचं काही झालं, तर मीही चटई घेऊन येऊ शकतो. वेळ परत मिळवायला मला फक्त एक खड्डा लागेल." मग लोण्याचा चाकू बशीत ठेवून, "तुमचे गावचे मामा कसे आहेत? चौऱ्याऐंशी ना? खोकला वगैरे?"

सगळे हसले, मीही हसले. हसायलाच लागतं. पण त्यांनी तुमचं गाव, गाडीची वाट, कुठल्या वळणाने यायचं, हे सगळं बारकाईने विचारून घेतलं, ते मला आवडलं नाही.

असं आहे सगळं. मामींना, शेळ्यांना आणि बियाणं मागून परत न करणाऱ्या शेजाऱ्यांनाही नमस्कार. माझी काळजी करू नका, गुडघ्याला लेप लावते आहे.

तुमची भाची,
चिलेशे

ता. क. मामा, चौदा तारखेपर्यंत कृपा करून मरू नका. तुम्ही दर ऑक्टोबरात उन्हाळा तापला की "यंदा मी जाणार" म्हणून सगळ्यांना बोलावून घेता, शेळ्या वाटून टाकता आणि पाऊस आला की परत मागून आणता. यंदा तो कार्यक्रम पुढे ढकलावा. पंधरा तारखेपासून तुम्ही मोकळे आहात, पण तेव्हाही घाई करावी असं माझं म्हणणं नाही.

पुन्हा ता. क. तीन तास मिळाले, आणि काल मी भाषण लिहायला बसले तेव्हा कळलं, की मला सतरा उद्दिष्टं पाठ आहेत आणि सांगायला काहीच नाही. चौदा महिने मी फक्त वेळच मागत होते, तो घेऊन बोलायचं काय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. गावाची नोंदवही तुमच्याकडे असते. त्या भिंती उभ्या राहिल्यापासून आपल्या बायकांपैकी कोण वाटेत बाळंत झाली, कोण नदीच्या काठावर, कोण सायकलवरून नेताना, ती नावं कासुबाकडून उतरवून घ्या आणि मला पाठवा. ज्या घरी परत आल्या नाहीत त्यांची आधी. मंत्र्यांसमोर मी आकडे वाचणार नाही. नावं वाचणार आहे, बापाच्या नावासकट, आणि प्रत्येक नावानंतर थोडी थांबणार आहे. त्यासाठी तीन तास हवेत.

आणखी एक ता. क. हे पत्र टपालाने येत नाही, जेरे स्वतः घेऊन येतायत. रस्ते समितीचा दौरा उत्तरेकडे निघाला आहे, आणि "वाटेत मामांची तब्येत बघून येतो" असं ते फार प्रेमाने म्हणाले. तेव्हा काठी दाराआड ठेवा, आणि खोकला आलाच तर गाणं म्हणायला लागा. पण खरी विनंती वेगळीच आहे, आणि तिचा निरोप बसवाल्याकडून आधीच तुमच्यापर्यंत पोचला असेल. ते दुपारी बाराच्या सुमाराला पोचतील. त्यांना घरात घेऊ नका. जेवायला बाळंतिणीच्या खोलीत बसवा, चटई अगदी मधोमध, भिंतीची सावली पोचणार नाही अशी. मक्याच्या पिठाची उब्वाली वाढा, सोबत अळ्या वाढा, आणि माकड आहे म्हणून सांगा. समोर कासुबाला बसवा. बारा ते तीन, बरोबर तीन तास, एक मिनिट कमी नको. उठायला लागले तर थट्टेच्या नात्याने गाडीची किल्ली काढून घ्या. माणूस वाईट नाही, मामा. पण जो त्याच्यासमोर बसून राहील त्यालाच तो देतो, आणि त्या खोलीसमोर अजून कुणी त्याला बसवलं नाही. तुम्हाला डोळ्यांनी दिसत नाही आणि पत्रं कासुबा वाचून दाखवते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. या वेळी कासुबाने वाचू नये. पत्र जो आणतो त्यानेच मोठ्याने वाचायचं, अशी आपल्या घरची रीत आहे म्हणून सांगा. (तशी रीत नाही. आजपासून करा.) त्यांनी वाटेत पाकीट उघडून एकदा वाचलेलं असणारच, त्यामुळे अडखळणार नाहीत. आणि सगळं माहीत असूनही ते येतील, कारण न आले तर न्गोनी माणूस एका पोटुशा पोरीला घाबरला, असं मी चौदा तारखेला सभागृहात सांगीन.

शेवटचं, आणि हे तुमच्यासाठी नाही मामा. भावोजी, इथपर्यंत मोठ्याने वाचून तुमचा घसा कोरडा पडला असेल. कासुबाकडे पाणी मागा. ती आणून देईल, पण तिला उठायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही वर बघा.